पडायला शिकवणारी विद्या : ज्युदो

कार्डिफचे सोफिया गार्डन्स आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक असते. त्याच परिसरातील राष्ट्रीय क्रीडा केंद्रात वेल्सच्या ज्युदोपटूंनी वर्षानुवर्षे सराव केला आहे. वेल्सच्या नॅटली पॉवेल यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ७८ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. अशा शहरात आपली मुलेही ज्युदोकडे वळतात, तेव्हा आई-वडिलांच्या मनात दोन शंका असतात : दुखापत होईल का, आणि तो गुडघे टेकून केलेला नमस्कार कोणाला?

दुसरी शंका आधी घेऊ. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी या बौद्ध विहारात, अवघ्या बारा चटयांवर ज्युदोचे शिक्षण सुरू केले. सरावाच्या जागेला 'दोजो' म्हणतात. हा शब्द मूळचा 'बोधिमंड', म्हणजे बुद्धांच्या संबोधीचे स्थान, या अर्थाचा आहे. लढतीपूर्वी दोन्ही खेळाडू एकमेकांना सारखेच वाकून अभिवादन करतात. त्यात पूजा नाही, उच्चनीचताही नाही.

पहिला धडा असतो पडण्याचा. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि तळहातासह बाहू चटईवर आपटायचा, म्हणजे आघात विखुरतो. हे अंगवळणी पडल्याशिवाय डाव शिकवणारा गुरू मला तरी विश्वासार्ह वाटत नाही.

प्रौढांची लढत चार मिनिटांची. प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा ठेवून पाठीवर फेकले की 'इप्पोन'. लढत तिथेच संपते. आपल्या कुस्तीतील चितपटासारखेच हे. फेक थोडी अपुरी ठरली तर 'वाझा-आरी'. अशा दोन मिळून इप्पोन. २०२५ पासून 'युको' हा लहान गुणही परतला आहे. जमिनीवर वीस सेकंद दाबून धरले तरी विजय. बरोबरी झाल्यास पुढचा पहिला गुण निर्णायक. नुसते टाळत राहिल्यासही ताकीद मिळते आणि तिसऱ्या ताकिदीला खेळाडू बाद होतो.

सांध्याचा पेच फक्त कोपरावर चालतो. लहान मुलांना तो आणि गळा आवळणे, दोन्ही वर्ज्य. मोठ्यांना पेच असह्य झाला तर दोनदा हात थोपटायचा. समोरच्याने तत्क्षणी सोडायचे. अशा वेळी कडेवरून "हार मानू नकोस" म्हणून ओरडणारे पालक मुलाचे कोपर धोक्यात घालतात. हात थोपटणारा खेळाडू उठतो, अंगरखा सारखा करतो, वाकून अभिवादन करतो आणि चटईवरून उतरतो.