पिओनीच्या मुळांना सूक्ष्मजीवांची साथ

काश्मीरपासून उत्तराखंडपर्यंतच्या हिमालयात पांढऱ्या फुलांची पिओनी रानोमाळ आढळते. कडाक्याच्या हिवाळ्यावाचून ही वनस्पती नीट फुलत नाही. बागेत एकदा लावलेली पिओनी अनेक दशके त्याच जागी राहते. त्यामुळे मुळांना साहाय्य करण्याची खरी संधी सप्टेंबर-ऑक्टोबरमधील लागवडीच्या वेळीच मिळते.

पिओनीच्या मांसल मुळांत मायकोरायझा ही उपयुक्त बुरशी वास करते. तिचे सूक्ष्म तंतू दूरच्या मातीतील स्फुरद मुळांपर्यंत आणतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. बाजारात मिळणारी तिची भुकटी प्रत्यक्ष मुळांना लागली पाहिजे. जमिनीवर नुसती शिंपडणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे होय. स्फुरदयुक्त खताचा मारा केल्यास ही भागीदारी क्षीण होते, याचा मात्र अनेकांना विसर पडतो.

ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी मूळकुजीला आळा घालते. रासायनिक बुरशीनाशकासोबत ती देऊ नये. समुद्री शेवाळाचा पातळ केलेला अर्क नवीन मुळे फुटण्यास चालना देतो. तथापि, पाणी साचणाऱ्या जमिनीत या उपायांचा फारसा उपयोग होत नाही. गड्ड्यावरील डोळे ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पुरले गेल्यास पाने भरपूर येतात, फुले मात्र क्वचितच.