भय आणि संमती

संकटसमयी मनुष्य प्रतिकार करतो वा पळ काढतो, असा समज आहे. परंतु तीव्र भयाने कित्येकदा शरीर निश्चेष्ट होते, वाचा खुंटते. ही क्रिया इच्छेच्या अधीन नसते.

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार केली. अंगावर जखमा नाहीत, सबब प्रतिकार झाला नसावा, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना दोषमुक्त केले. देशभर क्षोभ उसळला व १९८३ साली कायदा सुधारण्यात आला. २०१३ सालच्या सुधारणेने तर स्पष्टच सांगितले, की संमती स्वेच्छेने व निःसंदिग्धपणे दर्शविलेली असावी; केवळ शारीरिक प्रतिकाराच्या अभावावरून ती गृहीत धरता येत नाही.

तेव्हा ‘तिने विरोध का केला नाही?’ असे विचारण्यापूर्वी शरीराचा हा धर्म ध्यानी घेणे अगत्याचे आहे.