थट्टेचं नातं, लेखांक ९ : साडेनऊ
गेल्या आठवड्यात आपण दीर-भावजयीच्या थट्टेपाशी थांबलो होतो. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्याचा नियम मांडला : एकाने डिवचायचं आणि दुसऱ्याने ते मनाला लावून घ्यायचं नाही, अशी रीतच असते. पण थट्टा दुःखाचीच असेल तर? त्यासाठी आज चाकणला जाऊ.

काही वर्षांपूर्वी मी चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. प्रेसशॉपमध्ये शेजारशेजारच्या दोन मशिनींवर दोघे जण होते, एक बीडकडचा, दुसरा गोरखपूरकडचा. म्हाळुंग्यात एकाच खोलीत राहायचे. २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या लागल्या होत्या, बीडवाल्याची दोन्ही जनावरं तिथेच बांधलेली. गोरखपूरवाल्याच्या गावात पावसाळ्यात राप्ती शिरते. जेवणाच्या सुट्टीत हे दोघं एकमेकांची गावं चघळत.

“काय भैय्या, घर तिथंच आहे का पुढच्या जिल्ह्यात गेलं?”

“हमारा तो बह के जाएगा, भाऊ. तुम्हारा तो उड़ के जाएगा, धूल है सब.”

“पुराचं थोडं पाणी पाठव की इकडं.”

“टँकर तू भेज, भाड़ा मैं दूँगा.”

डबा खाता खाता हे चाले. ऐकणारा नवा असेल तर त्याचा घास अडकायचा. २००८ साली परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा पुण्या-नाशिकहून हजारो उत्तर भारतीय मजूर गाठोडं बांधून निघून गेले होते. त्याला उणीपुरी पाच वर्षं झाली होती. ‘भैय्या’ हा शब्द त्या काळात शिवीसारखा भिंतींवरून फिरला होता. इथे तोच शब्द भाजीच्या वाटीबरोबर पुढे सरकायचा.

अशा थट्टेला इतिहासात मोठी जोड आहे. १९४२ पासून अमेरिकी सैनिक ब्रिटनमध्ये उतरू लागले, १९४४ च्या वसंतापर्यंत त्यांची संख्या पंधरा लाखांवर गेली. पगार ब्रिटिश शिपायापेक्षा कितीतरी जास्त, खिशात चॉकलेटं, सिगारेटी. ब्रिटिशांनी टोमणा काढला : यांचा पगार जास्त, रंगेलपणा जास्त, आणि वर हे आमच्याच उरावर. अमेरिकनांनी उत्तर दिलं : तुमचा पगार कमी, रंगेलपणा कमी, आणि वर तुम्ही आमच्या आयझेनहॉवरच्या हाताखाली. इंग्रजीत ही ‘ओव्हर’ आणि ‘अंडर’ या शब्दांवरची कोटी आहे, मराठीत तिची निम्मी गंमत गळते. पण ज्या गावांत हे टोमणे चालत होते, त्यांतल्या अनेकांनी बॉम्ब झेललेले होते, आणि दोन्हीकडचे शिपाई पुढे एकाच नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायचे होते, हे विसरून तो विनोद वाचता येत नाही.

आता परत चाकणला, प्रेसकडे. जुन्या यांत्रिक पॉवर प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचची चावी अडकते आणि रॅम एकदा खाली येतो. चावी किंवा स्प्रिंग झिजली की पायडल न दाबताही तो दुसऱ्यांदा येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. तेव्हा हात पत्रा उचलायला डायमध्ये गेलेला असतो. प्रेसवर हात वाचवायचे नेहमीचे उपाय सगळ्यांना माहीत असतात : दोन हातांनी दोन बटणं, नव्या प्रेसवर समोर प्रकाशाचा सेन्सर. पण तासाला नग मोजले जातात, मग एका बटणात पाचर बसते आणि सेन्सर ‘तात्पुरता’ बंद होतो.

आमच्याकडच्या अशाच एका जुन्या प्रेसचं नाव होतं द्रोणाचार्य. नवा पोरगा आला की त्याला सांगायचे, गुरुजींना दक्षिणा द्यायची नसेल तर हात बाहेर. ४ मार्चला सुरक्षा दिनाच्या शपथेने जेवढं काम होत नसे, तेवढं या एका वाक्याने व्हायचं.

त्या जुलैत गुरुजींनी बीडवाल्याची दक्षिणा घेतली. डाव्या तर्जनीची दोन पेरं. गोरखपूरवाल्याने मेन स्विच पाडला, स्वतःच्या डोक्याचा गमछा हाताला आवळला आणि त्याला पोटाशी धरून मोटारसायकलवर मागे बसला. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग होती. सगळा वेळ तो म्हणे एकच बोलत होता, “गिनती कर, भाऊ, सो मत जा, गिनती कर.”

मग मोहननगरचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, रुग्णालय, मेडिकल बोर्ड, टक्केवारी. ही टक्केवारी कायद्याच्या तक्त्यातच होती. अंगठा ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. कमाईची क्षमता किती घटली याचं ते माप. पगार दहा हजार धरा, त्याचे नव्वद टक्के नऊ हजार, त्यांचे अकरा टक्के नऊशे नव्वद. दिवसाला तेहतीस रुपये भरपाई, जन्मभर. बीडवाल्याने हिशेब लगेच लावला : “रोजचे तीन वडापाव फिक्स.” यावर गोरखपूरवाला म्हणाला, “अंगूठा देता तो थाली मिलती.”

परत कामावर आला त्या दिवशी शेजारच्या मशीनवरून हाक आली : “आओ, साडेनऊ!” काटेकोर गणित केलं तर नऊ पूर्णांक एक तृतीयांश, पण शॉपफ्लोअरवर राउंड फिगर चालते. सगळे हसले, तो सर्वांत मोठ्याने. आठवडाभराने ऑफिसमधल्या एका साहेबांनी मोठ्या आपुलकीने तेच नाव घेतलं. “काय साडेनऊ, बरं आहे ना?” कोणी काही बोललं नाही. फक्त प्रेस चालू राहिले. शब्द तेच होते, स्वरही प्रेमाचाच होता. पण साहेबांचे हात कधी डायमध्ये जात नव्हते.

एवढ्यावर थांबलो तर काळ्या विनोदाचं कौतुकच होईल, आणि मला ते करवत नाही. अपघाताच्या तीन आठवडे आधीपासून शॉपमध्ये एक विनोद चालू होता : “गुरुजी हल्ली दोनदा मागायला लागलेत.” म्हणजे डबल स्ट्रोक येत होता आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मेंटेनन्सची स्लिप मात्र कोणी फाडली नाही. स्लिपबुक माझ्या टेबलावर होतं. मी त्या विनोदाला हसलो होतो, चांगला खळखळून. बोलून टाकलं, हसून झालं, की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मालकाला याहून स्वस्त मलम मिळणार नाही.

आणि काही जागी ही भाषा चालतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये बायका होरपळून गेल्या. त्यावरचा विनोद मी आजवर ऐकलेला नाही. ज्यांना तो करायचा हक्क होता, त्याच राहिल्या नाहीत.

दोघांपैकी गोरखपूरवाला नंतर गुजरातेत गेला. त्याआधी, २०१४ च्या लोकसभेला, बीडवाला गावी मतदानाला गेला होता. शाई डाव्या तर्जनीला लावतात. ती नसेल तर काय, हे निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये लिहून ठेवलेलं आहे : डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट, तीही नसतील तर उजव्या हाताची, तीही नसतील तर हाताचा जो भाग उरला असेल तो. केंद्रावरच्या मास्तरांनी नियमाप्रमाणे मधल्या बोटाला शाई लावली. सगळे शाईच्या बोटाचे फोटो टाकत होते, यानेही कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. ताठ उभं एकच बोट, मधलं. ग्रुपमध्ये साहेबही होते. पहिलं उत्तर गोरखपूरवाल्याचं आलं : “सर, ये सरकारी नियम है.”