‘बिअर्’ हा सेमिटिक शब्द आणि बीडचे नाव

बीड नगराच्या नावाची एक व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. महंमद तुघलकाने येथे किल्ला व विहिरी बांधल्या आणि विहीर या अर्थाच्या ‘बिअर्’ या अरबी शब्दावरून नगरास नाव दिले, अशी ती कथा. ती ग्राह्य धरण्यापूर्वी मूळ शब्दाचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

‘बिअर्’ हा केवळ अरबी शब्द नव्हे. सेमिटिक भाषाकुलाचा तो सामाईक वारसा होय. अक्कडी ‘बूर्तु’, हिब्रू ‘बेएर’ व सिरियाक ‘बेरा’ ही त्याचीच भावंडे. अरबीत या धातूच्या क्रियापदाचा अर्थ ‘खणणे’ असा आहे. म्हणून मनुष्याने खणून मिळविलेले पाणी ते ‘बिअर्’. स्वयंभू झरा तो ‘ऐन’, ज्याचा दुसरा अर्थ डोळा. खणण्यात श्रम आहेत, आणि श्रमांतून हक्क उद्भवतो. बायबलातील ‘उत्पत्ति’ या ग्रंथात इसहाकाच्या सेवकांनी खणलेल्या विहिरींवरून झालेले तंटे वर्णिले आहेत, ते याच कारणाने. बेएरशेबा व बैरूत या स्थलनामांतही हाच शब्द आहे.

मग बीडमध्ये तो आहे काय? ध्वनिदृष्ट्या शंका येते. पीर, फकीर, वजीर या शब्दांतील अंत्य ‘र’ मराठीत अविकृत राहिला. येथेच त्याचा ‘ड’ का व्हावा? अरबीत मूर्धन्य वर्ण नाहीत. उलट या नावाच्या उर्दू लेखनात अखेरीस मूर्धन्य वर्णच आढळतो. निजामी राजवटीतील रोमन लेखनात त्याच्या जागी ‘आर’ हे अक्षर येई; त्यामुळे हे साम्य अधिकच भासते. शिवाय फारसीत विहिरीस ‘चाह’ म्हणत आणि दख्खनीत ‘बावडी’. तेव्हा ही व्युत्पत्ती सिद्ध मानता येत नाही.

तथापि, बीडच्या पाण्याशी एका सेमिटिक शब्दाचा संबंध निर्विवाद आहे. इ. स. १५८२ च्या सुमारास निजामशाहीतील सरदार सलाबतखान याने नगराजवळ बांधविलेली विहीर ‘खजाना बावडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘खजाना’ हा शब्द साठविणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला असून, त्याच धातूपासून झालेला ‘खज्जान’ हा शब्द अरबीत जलाशयास लावतात. अवर्षणाच्या या प्रदेशात पाण्यास खजिना म्हणावे, यात अर्थाची ओढाताण मुळीच नाही. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने नादसाम्यापेक्षा असा पुरावा अधिक मोलाचा मानावा.