विश्लेषण : एकाच फाइलवर चाळीस कॉम्प्युटर; ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनआधी हार्ड डिस्क कशी तयार करायची?

‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक शाळा, कॉलेज आणि लहान ऑफिसांपुढे जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचे काम उभे राहिले. एक-दोन मशीन असतील तर समोर बसून ‘नेक्स्ट’ दाबत जाता येते. लॅबमध्ये चाळीस मशीन असतील तर ते परवडत नाही. मग इन्स्टॉलेशन ऑटोमॅटिक केले जाते. मात्र, या पद्धतीत एकच चूक चाळीस वेळा होऊ शकते. ती हार्ड डिस्कच्या बाबतीत झाली, तर डेटा परत मिळेलच असे नाही.

ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन म्हणजे काय?

भाषा कोणती, कोणत्या डिस्कवर इन्स्टॉल करायचे, युजरचे नाव काय, असे प्रश्न सेटअप एरवी स्क्रीनवर विचारतो. त्यांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली, की माणसाची गरज उरत नाही. विंडोजसाठी ‘ऑटोअनअटेंड’ नावाची एक्सएमएल फाइल पेन ड्राइव्हवर, कोणत्याही फोल्डरमध्ये न टाकता, थेट ठेवली जाते. सेटअप सुरू होताच ती शोधून वाचतो. रेड हॅट आणि फेडोरा लिनक्समध्ये हेच काम ‘किकस्टार्ट’ फाइल करते, तर डेबियनमध्ये ‘प्रीसीड’.

धोका नेमका कुठे?

या फाइलमध्ये डिस्क पूर्ण पुसायची की नाही, हेही लिहिलेले असते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘विलवाइपडिस्क’ हे सेटिंग आहे. किकस्टार्टमध्ये ‘क्लिअरपार्ट’ ही कमांड आहे. हाताने इन्स्टॉल करताना ‘नक्की पुसायचे का?’ हा प्रश्न समोर येतो. इथे तो येतच नाही.

कोणती डिस्क पुसायची, हे बहुतेक फाइलींत ‘डिस्क ०’ असे लिहिलेले असते. पण हा क्रमांक म्हणजे डिस्कची कायमची ओळख नव्हे. मशीनमध्ये एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क अशा दोन्ही असतील, तर शून्य क्रमांक डेटा असलेल्या डिस्कलाही मिळू शकतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला आतली डिस्क दिसतच नाही. अशा वेळी ‘डिस्क ०’ म्हणजे लावलेला पेन ड्राइव्हच असू शकतो. लिनक्समधील ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावेही रीस्टार्टनंतर बदलू शकतात. म्हणून तिथे मॉडेल आणि सीरियल नंबरवरून ठरणारे ‘बाय-आयडी’ नाव वापरणे सुरक्षित.

डिस्कवर काय काय तयार करावे लागते?

‘विंडोज ११’ला यूईएफआय लागते आणि त्यासाठी डिस्क ‘जीपीटी’ पद्धतीची असावी लागते. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत फक्त चार प्रायमरी पार्टिशन करता येतात आणि साधारण २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. जीपीटी डिस्कवर चार भाग क्रमाने केले जातात :

• ईएफआय पार्टिशन : मशीन सुरू करणाऱ्या फाइलींसाठी. २६० एमबी ठेवल्यास ४के सेक्टरच्या डिस्कवरही अडचण येत नाही.
• एमएसआर : विंडोजसाठी राखीव, १६ एमबी.
• विंडोज पार्टिशन : मुख्य सिस्टीमसाठी. ‘विंडोज ११’साठी किमान ६४ जीबी स्टोरेज लागते.
• रिकव्हरी पार्टिशन : हे विंडोजच्या लगेच नंतर ठेवावे. पुढे ते वाढवायची वेळ आली, तर विंडोजच्या भागातून जागा घेता येते.

सुरुवात करण्याआधी काय तपासावे?

• बॅकअप घ्यावा आणि त्यातल्या काही फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहाव्यात.
• जी डिस्क पुसायची नाही, तिची केबल काढून ठेवावी. बाहेरून जोडलेल्या डिस्कही काढाव्यात.
• फाइल आधी व्हर्च्युअल मशीनवर आणि मग एकाच रिकाम्या कॉम्प्युटरवर चालवून पाहावी.
• नेटवर्कवरून इन्स्टॉल करत असल्यास काम झाल्यावर बूटचा क्रम बदलावा. नाहीतर पुढच्या रीस्टार्टला इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.
• अशा पेन ड्राइव्हवर ‘डिस्क पुसली जाईल’ असे ठळक लेबल लावावे. ड्रॉवरमध्ये पडलेला हा पेन ड्राइव्ह पुढच्या माणसाला साधाच वाटतो.

पुसलेली डिस्क खरोखर रिकामी होते का?

नेहमीच नाही. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन’ कमांड पार्टिशनची माहिती काढून टाकते; आतला डेटा बराचसा जागेवरच राहू शकतो. हार्ड डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहायचे असेल, तर ‘क्लीन ऑल’ लागते आणि त्याला काही तास लागू शकतात. एसएसडीसाठी कंपनीचे ‘सिक्युअर इरेज’ टूल वापरणे योग्य. मशीन त्याच लॅबमध्ये राहणार असेल, तर साधे ‘क्लीन’ पुरते. ते विकायचे किंवा दान करायचे असेल, तर पुरत नाही.

थोडक्यात, ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनमध्ये मशीन काहीच विचारत नाही. त्यामुळे ‘नक्की हीच डिस्क का?’ हा प्रश्न पेन ड्राइव्ह लावण्याआधी माणसानेच विचारायला हवा.