दुखावलेला स्नायू पुन्हा कसा घडतो?

जिन्याची पायरी चुकून पोटरी दुखावावी, भरलेली बादली उचलताना कमरेत उसण भरावी, किंवा खो-खोच्या मैदानावर धावता धावता मांडीचा स्नायू ताणला जावा, असे प्रसंग कोणत्या घराला नवे आहेत? अशा वेळी घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘तेल कोमट करून चांगले रगडा, ठणका जाईल.’ दुसरा म्हणतो, ‘महिनाभर जागचे हलू नका.’ आम्हा शिक्षकांना हा वाद दरवर्षी क्रीडास्पर्धांच्या दिवसांत ऐकावा लागतो. दोन्ही पक्षांची कळकळ खरी. परंतु खुद्द स्नायूला काय हवे असते, याचा विचार क्वचितच होतो.

हाडांना जोडलेल्या आणि आपल्या इच्छेनुसार हलणाऱ्या स्नायूंचा वाटा शरीराच्या वजनात साधारणतः ४० टक्के असतो. प्रत्येक स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा होय. हा तंतू अनेक पेशी एकमेकींत मिसळून घडलेला असल्यामुळे त्यात एक नव्हे, शेकडो केंद्रके असतात. मात्र तंतू एकदा घडला की ही केंद्रके दुभंगत नाहीत. कातडीला खरचटले तर शेजारच्या पेशी वाढून जागा भरून काढतात. स्नायुतंतूला ती सोय नाही. तरीही फाटलेला स्नायू भरून येतो, हा नित्याचा अनुभव आहे. मग नवी सामग्री येते कोठून?

या प्रश्नाचा धागा १९६१ साली हाती आला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर मॉरो हे बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत होते. तंतूला अगदी बिलगून, पण त्याच्या बाह्य आवरणाच्या आत, काही चिमुकल्या पेशी निवांत पडलेल्या त्यांना दिसल्या. ग्रहाच्या कडेला उपग्रह असावा तशा त्या होत्या; म्हणून त्यांना ‘उपग्रह-पेशी’ हे नाव मिळाले. स्नायूच्या पुनर्घटनेत यांचाच हात असावा, असा तर्क मॉरो यांनी तेव्हाच मांडला होता. पुढे २००५ साली उंदरांवरील एका प्रयोगात, एका तंतूबरोबर रोपण केलेल्या अवघ्या सात उपग्रह-पेशींपासून शंभराहून अधिक नवे तंतू निर्माण झालेले आढळले. २०११ मध्ये उंदरांच्या शरीरातून या पेशीच काढून टाकून पाहिले, तेव्हा दुखापतीनंतर त्यांचा स्नायू पुन्हा घडू शकला नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा तर्क असा खरा ठरला.

आता दुरुस्तीचा क्रम पाहू. स्नायू फाटला की त्यातील रक्तवाहिन्याही फुटतात; रक्त साकळते, सूज येते. काही तासांतच पांढऱ्या रक्तपेशींची पहिली तुकडी तेथे पोहोचते आणि एक-दोन दिवसांत ‘महाभक्षक’ पेशी येतात. मेलेल्या तंतूंचा कचरा गिळणे हे त्यांचे पहिले काम. पुढे त्याच उपग्रह-पेशींना वाढीचे संदेश देतात. म्हणजे सूज हा निव्वळ त्रास नव्हे, तर जुनी भिंत पाडून जागा साफ करण्याचे ते काम आहे. मग झोपलेल्या उपग्रह-पेशी जाग्या होतात, दुभंगून संख्येने वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवितात किंवा तुटलेल्या तंतूंची टोके सांधतात. त्यांतील काही मात्र माघारी फिरून पुन्हा विसावतात. पुढील पेरणीसाठी राखलेले बियाणेच म्हणा ना!

त्याच वेळी फटीत चिवट धाग्यांचा व्रणही तयार होत असतो. थोडा व्रण हवाच, नाहीतर टोके जुळायची कशी? परंतु तो फाजील वाढला तर स्नायू आखडतो. घरातील दोन पक्षांचा निकाल येथे लागतो. पहिल्या काही दिवसांत रगडले तर थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. मांडीसारख्या मोठ्या स्नायूत क्वचित हाडासारखी गाठही धरते. म्हणून आरंभी विश्रांती, थंड शेक, पट्टी आणि अवयव उंचावर ठेवणे, एवढेच पुरे. उलट, दीर्घकाळ निश्चल राहिले तर तंतू रोडावतात, वेडेवाकडे वाढतात आणि व्रण माजतो. डेन्मार्कमध्ये मांडीचा वा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवसापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हलका व्यायाम सुरू केलेले खेळाडू, नवव्या दिवशी सुरू केलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी मैदानात परतले. अर्थात पायावर भारच पेलत नसेल, सूज वाढतच असेल किंवा चेंगरल्यानंतर लघवी काळपट होत असेल, तर घरगुती उपाय सोडून तत्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

निसर्गाच्या या दानाला मर्यादाही आहेत. हृदयाच्या स्नायूत उपग्रह-पेशींचा असा साठा नसतो. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेथे व्रणच उरतो. ड्युशेन या आनुवंशिक रोगात तंतूंना बळकटी देणारे ‘डिस्ट्रोफिन’ हे प्रथिन तयार होत नाही. हा रोग मुख्यतः मुलग्यांना होतो. तंतू वारंवार तुटतात, दुरुस्ती मागे पडते आणि अखेर स्नायूच्या जागी चरबी व चिवट धागे साठतात. पाय घसटत चालणाऱ्या, जिना चढताना थकणाऱ्या लहान मुलाला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी आईबापांनी आणि आम्ही शिक्षकांनीही हे ध्यानी ठेवावे.

वार्धक्यात या पेशी कमी होतात आणि त्यांची जागृतीही मंदावते. परंतु ती पुरती मावळत नाही. म्हणून दुखण्यातून उठलेल्या आजी-आजोबांना प्रेमापोटी अंथरुणाशी खिळवून ठेवू नये. ताटात डाळ, दूध, शेंगदाणे असावेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चार पावले अधिक चालणे व्हावे. दुरुस्तीचे काम स्नायू स्वतःच करतो. त्याला योग्य वेळी विसावा आणि योग्य वेळी चालना देणे, एवढेच आपले काम.