उचल, कोयता आणि मुलांचे हक्क

दसरा-दिवाळी उलटली की मराठवाड्यातील शाळांचे हजेरीपट विरळ होऊ लागतात. ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' मोजतो, उचल देतो आणि पाच-सहा महिन्यांसाठी फडावर नेतो. त्या हिशेबात मूल कोठेच नसते. फडावर मात्र ते धाकटे भावंड सांभाळते, मोळ्या बांधते.

आई-बापांसोबत गेलेल्या मुलाची तस्करी झाली असे कसे म्हणावे, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक स्थलांतर म्हणजे तस्करी नव्हे. परंतु 2022 साली इगतपुरी तालुक्यात एका बालिकेच्या मृत्यूनंतर जे उघडकीस आले ते निराळे होते: कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ पैशांच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबण्यास ठेवलेली होती. 2000 सालचा पालेर्मो प्रोटोकॉल, ज्याला भारताने 2011 मध्ये मान्यता दिली, अशा व्यवहारास तस्करीच म्हणतो. प्रौढांच्या बाबतीत बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा दाखवावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलास शोषणाच्या हेतूने नेले अथवा ठेवून घेतले, एवढे पुरते. बापाची संमती होती, हा बचाव तेथे चालत नाही. आपल्या दंडसंहितेत 2013 साली तस्करीची व्याख्या आली, पण मुलांसाठीचा हा विशेष नियम तीत उतरला नाही. ही उणीव आम्हांस गंभीर वाटते.

इतिहासाच्या अभ्यासकास यात नवे काही दिसत नाही. महार वतनात वतनदार हाती न लागला तर त्याच्या घरच्या दुसऱ्या माणसास कामास जुंपत. ती वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा व्यापार व वेठबिगार, तर 24 ने चौदा वर्षांखालील मुलांचे कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांतील नियोजन निषिद्ध केले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1989 मध्ये आला. त्याचा अनुच्छेद 32 आर्थिक शोषणाविषयी, 35 मुलांच्या विक्री व तस्करीविषयी आहे. भारताने 1992 साली करार स्वीकारला खरा, परंतु 32 ची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करू, असे निवेदन जोडून. बालमजुरीविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 138 व 182 हे करार मान्य व्हायला 2017 उजाडले. त्याच्या आदल्या वर्षीच्या कायदादुरुस्तीने कौटुंबिक उद्योगात शाळेच्या वेळेबाहेर मुलांची मदत चालेल अशी सूट ठेवली. घरचे काम कोठे संपते आणि मालकाचे कोठे सुरू होते, हे वीटभट्टीवर कोण ठरवणार?

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज वकील, कोणी ग्रामसेवक, कोणी वाळूजच्या कारखान्यांत पर्यवेक्षक असतील. धाब्यावर, भट्टीवर असे मूल दिसल्यास 1098 वर कळवावे. हंगामापूर्वी पालकांनी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. मूल परत आणले तर उचल अंगावर येईल, या भीतीने पुष्कळ आई-बाप गप्प राहतात. वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यानुसार वेठीपोटीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आलेली आहे. तहसील कार्यालयात जाताना हे ठाऊक असावे.